जेवणाआधी, कातडीखाली

२० जुलै १९९७, रविवार. सांगली, हॉस्टेल.

निकाल लागला. बाकी सगळ्यात पास. 'औषध देण्याचे मार्ग' ह्या एका तोंडी परीक्षेत नापास. खरं तर नापास म्हणता येणार नाही. परीक्षकांशी मतभेद झाले.

त्यांनी विचारलं, इन्सुलिन तोंडानं का देत नाहीत? मी म्हटलं, द्यायला हरकत नसावी. सुई दुखते, दुधातून दिलं तर पेशंट आवडीनं घेईल. तोंडातून गेलं काय नि दंडातून गेलं काय, शेवटी रक्तातच जायचं. परीक्षक हसले. शकुंतला मॅडम, म्हणजे आमच्या ट्यूटर, हसल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. नवा विचार पचायला लोकांना वेळ लागतो.

फेरपरीक्षा ऑगस्टअखेर. निर्धार: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. तो धडा रोज एकदा वाचणे.

शिराळ्यात कळवायची गरज नाही. तिथं मी नर्सिंगला आहे हेच कोणाला माहीत नाही. 'मेडिकलला आहे' एवढं सांगितलंय. हे खोटं नाही. मेडिकल नाही तर काय सुतारकाम आहे?

२१ जुलै, सोमवार

पाचला गजर झाला. नीट ऐकला. साडेसातला उठलो. झोप अपुरी असली की वाचलेलं डोक्यात राहत नाही. उद्यापासून लवकर झोपणे, म्हणजे लवकर उठता येईल.

२४ जुलै, गुरुवार

लवकर झोपतो आहे. उठण्याचं अजून जमायचंय.

मोसंब्यावर इंजेक्शनचा सराव केला. माझा हात हलका आहे हे मॅडमनाही मान्य आहे. आम्रपाली म्हणाली, हात चांगलाच आहे तुझा, त्याला डोकं जोडलेलं असतं तर सोनं झालं असतं. ही विट्याची, वर्गात पहिली येते, जिभेला हाड नाही. पण स्वतःहून बोलली. नोंद घेण्यासारखी गोष्ट.

सरावानंतर मोसंबं खाल्लं. खाताना आठवलं, त्यात दहा वेळा सलाईन टोचलेलं होतं. मला काहीही झालं नाही. माझा परीक्षेतला मुद्दा सिद्ध होतो.

२८ जुलै, सोमवार

आजचा दिवस पुसून टाकता आला असता तर.

वॉर्डात ड्यूटी. हातात बेडपॅन. दारातून आवाज आला, आमचा डाक्टर मानसिंग कुठं हाय वं? लीलाबाई मावशी! शिराळ्याहून पहिल्या एसटीनं आलेली, पायाला फडकं गुंडाळलेलं. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. मूलबाळ नाही, नवरा कधीच वारला, जे काही आहे ते मी.

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. आम्रपालीनं आजूबाजूला बघितलं आणि मला विचारलं, डॉक्टर मानसिंग? कुठले? मी बेडपॅन कॉटखाली सरकवला, मावशीला कोपऱ्यात नेलं आणि सांगितलं, मोठे डॉक्टर व्हायच्या आधी सगळी कामं शिकावी लागतात. मावशी म्हणाली, व्हय बाबा, खालनं सुरुवात केल्याली बरी.

बेडपॅन नंतर जाग्यावर नेऊन ठेवला.

पाय बघितला. चप्पल लागून जोडव्याच्या बोटाला जखम. महिना झाला, भरेना. हिला शुगर आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. गोळ्या आठवल्या तर घेते, न आठवल्या तर नागोबाच्या नावानं सोडून देते. भरती केलं.

४ ऑगस्ट, सोमवार

जखम बरी होते आहे. रोज दोन वेळा इन्सुलिन. आजूबाजूची कातडी गुलाबी दिसायला लागली.

मावशीला नागपंचमीला घरी जायचंय. दर वर्षी नागमंडळाची पोरं धरलेला नाग मडक्यात घालून आदल्या दिवशी तिच्या घरी ठेवतात, आळीतल्या बाया तिथं पूजेला येतात. तिचा मान आहे. म्हणाली, मान चुकला तर मी जिती कशाला ऱ्हाऊ?

पुष्कर सर (वॉर्डचे डॉक्टर) तयार नव्हते. म्हणाले, आठ दिवस शुगर ताब्यात राहिली तर बोट राहील. सुटली तर बोट काढावं लागेल. घरी सुई कोण देणार? मी पुढं झालो. म्हटलं, मी आहे ना सर.

सरांनी ऑर्डर समजावली. दोन्ही वेळा जेवणाआधी, कातडीखाली, वीस युनिट. आणि जेवणार नसतील तर... इथं मी हो सर, माहीत आहे सर, असं म्हटलं. आम्रपाली मागं उभी होती आणि मी कसा बोलतो ते ऐकत होती.

नंतर जिन्यात तिनं विचारलं, सरांचं पुढचं वाक्य ऐकलंस का? मी म्हटलं, मला वाक्य पुरं ऐकायची गरज पडत नाही. ह्यावर ती जिना उतरून गेली.

५ ऑगस्ट, मंगळवार. शिराळा.

एसटीत उभं राहून आलो. मावशीला जागा मिळाली.

घरात फ्रिज नाही. एका लहान मडक्यात ओली वाळू घालून इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून ठेवली. मडकं कोनाड्याखाली. अशा वेळी डोकं चालवणारा माणूस लागतो.

संध्याकाळी पहिली सुई. आळीतली वीस-पंचवीस माणसं बघायला. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते मावशीला कळलंच नाही. शेजारचे आकारामतात्या म्हणाले, लय हलका हात हाय गड्या, मला बी एक टोच की. मी म्हटलं, तात्या, तुम्हाला काय होतंय? म्हणाले, काय न्हाई, पर तू आलायंस तर. नकार दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यांनी फार आग्रह केला म्हणून नाडी बघितली.

सगळे मला डॉक्टर म्हणतात. मी कोणालाच दुरुस्त केलं नाही. भांडणं नकोत.

६ ऑगस्ट, बुधवार

लघवी तपासली. निळं औषध नळीत घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि चुलीवर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं बरं, पिवळं वाईट, विटेसारखं लाल झालं तर फार वाईट. आज हिरवट निळं. आळीत वार्ता गेली की मानसिंगनं मावशीची शुगर चुलीवर आटवली.

जखम कोरडी. बोट वाचणार. हे बोट माझ्यामुळं वाचणार आहे, हे इथं नम्रपणे लिहून ठेवतो.

धडा वाचला. एक पान. पुढचं पान उद्या.

७ ऑगस्ट, गुरुवार. दिवेलागण.

दुपारचं आधी लिहून काढतो.

सकाळी नेहमीसारखी सुई दिली. ऑर्डर म्हणजे ऑर्डर. मावशी म्हणाली, जेवते मागनं, तू जा. मी मंडळाच्या पोरांबरोबर स्टँडवर गेलो. नाग कसा धरावा ह्यावर त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. ते लोक वर्षानुवर्षं धरतात, पण शास्त्रीय बाजू सांगणारा कोणी नव्हता.

दुपारी परत आलो तर दारात चपलांचा ढीग. आत नागाचं मडकं कोपऱ्यात, तोंडाला फडकं बांधलेलं. मधोमध मावशी. केस मोकळे, अंग घामानं भिजलेलं, हातपाय लटलट कापतायत, नजर कुठंतरी भलतीकडं. मला बघून माझ्या आईच्या नावानं हाक मारली. हौसे, म्हणाली, हौसे, दार लाव.

बाया हात जोडून बसलेल्या. अंगात आलंय! नागोबा आला! आकारामतात्या पुढं वाकून विचारत होते, देवा, काय चुकलंमाकलं असंल तर सांग. एकीनं सुनेला दिवस कधी जातील ते विचारलं. मावशी जे बडबडली त्याचा प्रत्येकानं आपापला अर्थ घेतला.

घाम, कापरं, असंबद्ध बोलणं. हे तीन शब्द एका ओळीत कुठंतरी वाचले होते. कुठं ते आठवेना. तेवढ्यात तात्यांनी मला ढकललं. म्हणाले, इचार रं, तू बी इचार, देव पुन्यांदा यायचा न्हाई.

मी पुढं झालो. हात जोडले. मावशीच्या पायावर डोकं ठेवलं, बँडेजच्या शेजारी. आणि विचारलं, मी पास होईन का?

मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, गूळ आन.

एकच गलका झाला. पेढे न्हाई, गूळ मागतोय, देव साधा हाय! पोरगा पास! कोणीतरी धावत जाऊन गुळाचा खडा आणला. देवानं मागितला म्हणून मावशीच्या तोंडात घातला. तिनं तो कडाकडा खाल्ला. अजून मागितला. अजून दिला. थोड्या वेळानं घाम थांबला, नजर ताळ्यावर आली, डोक्यावर पदर घेऊन तिनं विचारलं, का गं बायांनो, एवढ्या का जमल्यासा?

मग आठवलं. शुगर फार खाली गेल्याची लक्षणं. काल वाचलेल्याच्या पुढचं पान.

आज भावाचा उपवास. पंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी धरतात. मावशीला भाऊ नाही, म्हणून ती नागोबालाच भाऊ मानून धरते. सकाळपासून नुसता चहा सोडून पोटात काही नाही. वर माझे वीस युनिट. आळीत शेंबड्या पोरालाही हा उपवास ठाऊक असतो. मी ह्याच आळीत वाढलो.

माझी बाजू: उपवास असल्यास पेशंटनं स्वतः सांगायला पाहिजे. दुसरं, मी साखर देणारच होतो. आधी निरीक्षण करायचं असतं.

बाया मावशीच्या पाया पडून गेल्या. ती लाजत होती. मग मला म्हणाली, माझ्या घरी देव येतो ते ठावं हुतं, पर माझ्याच अंगात येईल असं सपनात न्हवतं रं. तू बी माझ्या पाया पडलास म्हनं?

मी हो म्हटलं. साखरेचं सांगितलं नाही. संध्याकाळची सुई सिरिंजमध्ये भरली आणि दंडापर्यंत नेऊन मागं घेतली. दिली नाही. तशीच भरून ठेवली. दिवसभर तिनं काही खाल्लेलं नाही, तेव्हा हे बरोबरच आहे. बहुतेक पुष्कर सरांचं पुढचं वाक्य हेच असावं.

फार लाज वाटते आहे. जेवण गेलं नाही. म्हणजे अर्धं गेलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी.

आज चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही, टोचायचं नाही. बाया सुईत दोरासुद्धा ओवत नाहीत.

मावशी म्हणाली, आज सुई न्हाई. काल ज्यो अंगात आला त्येलाच आज टोचू व्हय? खरं तर समजवायला पाहिजे होतं. ती माझं ऐकते. पण खरं लिहायचं तर, ती नको म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. कालपासून सुई हातात घेतली की मावशीचे ते डोळे दिसतात.

मग मार्ग सुचला. ऑर्डर म्हणते औषध द्या. रीत म्हणते टोचू नका. दोन्हींचा मान राखता येतो. काल भरून ठेवलेली सिरिंज होतीच, म्हणजे आज बाटलीचं रबरसुद्धा टोचावं लागलं नाही. सुई काढून ठेवली आणि औषध कोमट दुधात सोडलं. परीक्षकांना जे सुचलं नाही ते शिराळ्यात घडलं. संध्याकाळच्यासाठी मात्र बाटली टोचावी लागली. न्हाणीत जाऊन, दार लावून टोचली.

मावशी म्हणाली, दुधाला फिनेलचा वास येतुया. पण डोळे मिटून शेवटच्या घोटापर्यंत प्याली. म्हणाली, तू दिलंस म्हणजे चांगलंच असंल.

पूजेला गर्दी. नागाच्या मडक्याशेजारी माझं इन्सुलिनचं मडकं होतं. बायांनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. माझ्या देखत दोनदा ओवाळलं.

जेवायला पुरणाची दिंडं, वर तूप. मावशीनं चार खाल्ली. औषध पोटात गेलेलं असल्यामुळं मी अडवलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

नळीतला रंग विटेसारखा लाल.

औषध जुनं असणार. शिवाय चुलीच्या उजेडात सगळंच लाल दिसतं. बाहेर उन्हात नेऊन बघितली. उन्हातही लाल. आज ऊन जरा तांबडंच आहे.

मावशी म्हणाली, दुधातनंच देत जा की, सुई कशाला ती? मी विचार केला. म्हणजे विचार करतो आहे असं दाखवलं. तेवढ्यात आकारामतात्या आणखी दोघांना घेऊन आले. गावात बोललं जातंय की शिराळ्याच्या पोरानं शुगरचं बिनसुईचं औषध काढलं. एकानं आपल्या बायकोला घेऊन येऊ का विचारलं. आता सुई काढली असती तर तोंड कुठं लपवलं असतं?

दुधातून दिलं. दोन्ही वेळा.

त्या माणसाला मात्र सांगितलं, बायकोला आणू नका, तिच्या डॉक्टरचंच ऐका. का ते मला सांगता आलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

मावशी माठातलं पाणी एकसारखी पिते आहे. उठते, बसते, पुन्हा पिते. म्हणाली, उन्हाळ्यावानी व्हतंय.

बँडेजला वास. मी खिडकी उघडली.

तो धडा पुरा वाचला. चार पानं. सहा वर्षांच्या पोरालाही समजेल असा लिहिलाय. इन्सुलिन पोटात गेलं की अन्नासारखं पचून जातं, औषध म्हणून काही उरत नाही. म्हणजे परवापासून आज सकाळपर्यंत मी मावशीला नुसतं वासाचं दूध पाजलं. मोसंब्याचंही तसंच असणार.

संध्याकाळी सुई काढली. मावशी म्हणाली, दूध बंद केलंस व्हय? मी म्हटलं, दूध संपलं. दंड धरला. पहिल्यांदाच तिला दुखलं. तिनं तोंड फिरवलं.

११ ऑगस्ट, सोमवार. सांगली.

पुष्कर सरांनी पट्टी सोडली. बोट काळं पडलेलं.

सरांनी विचारलं, मधे डोस चुकले का? मी म्हटलं, सात तारखेच्या संध्याकाळी उपवास होता म्हणून दिला नाही, बाकी एकही नाही. हे खरं आहे. शब्दन् शब्द खरा आहे.

मावशी उठून बसली. म्हणाली, आवं डाक्टर, माजीच चूक हाय. दिंडं लय खाल्ली. पोरगं रोज येळंवर औशिद द्यायचं, त्येला बोलू नगासा.

मी कॉटच्या पायाकडं बघत राहिलो. कॉटचा रंग उडालाय.

जिन्यात आम्रपालीनं गाठलं. एकच विचारलं, कुठल्या मार्गानं दिलंस? मी म्हटलं, ड्यूटी आहे, आणि खाली उतरलो. ड्यूटी वर होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

बोट काढलं. जोडव्याचं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

स्वातंत्र्याची पन्नास वर्षं. वॉर्डात झेंडे, जिलबी. मावशीला जिलबी नाही. चुकून एकीनं तिच्याही हातात ठेवली, तर तिनं खाल्ली नाही. कागदात गुंडाळून उशाखाली ठेवली आणि मी ड्यूटीवर आलो तेव्हा मला दिली. तुला आवडती, म्हणाली.

निर्धार: पुष्कर सरांना सगळं सांगणे. आजच. केबिनपाशी गेलो. सर जिलबी खात होते. राष्ट्रीय सण. उद्या सांगू.

१६ ऑगस्ट, शनिवार

सर घाईत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सर घाईत नव्हते. मी घाईत होतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज सांगितलं. सरांना नाही, आम्रपालीला. दूध, उपवास, गूळ, सगळं. पाया पडलो तेवढं सोडून. ती हसेल असं वाटलं होतं. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, मावशीला माहीत आहे, त्या दिवशी अंगात का आलं ते? मी म्हटलं, नाही. म्हणाली, बोट गेलं ते गेलं, पण हे तिला सांग. ती पुन्हा उपास धरेल तेव्हा तू घरी नसशील आणि गूळ आणणारं कोणी नसेल. मला सांगायला लावू नकोस. मी सांगितलं तर ती मानायची नाही. तू सांगितलंस तर मानेल.

निर्धार: मावशीला सांगणे. मी डॉक्टर नाही हे आधी. मग देवाचं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

फेरपरीक्षा. तेच परीक्षक. मला ओळखून म्हणाले, दूधवाले आले का? शकुंतला मॅडमनी पुन्हा खिडकीबाहेर बघितलं.

त्यांनी विचारलं, शुगर खाली गेल्याची लक्षणं? मी सुरू झालो. घाम. कापरं. नजर ठरत नाही. माणूस भलतंच बोलतो, मेलेल्या माणसाला हाक मारतो. आजूबाजूच्यांना वेगळंच काही वाटतं. गोड खायची वासना होते, गूळ मागतो. त्यांनी विचारलं, मग तुम्ही काय कराल? मी म्हटलं, गूळ देईन. काही न विचारता देईन. इंजेक्शनच्या आधी पेशंट जेवला का ते विचारीन. जेवणार आहे का तेही. ऑर्डर शेवटपर्यंत ऐकीन.

परीक्षक म्हणाले, कुठल्या पुस्तकात वाचलंत एवढं? मी म्हटलं, वर्गातल्या नोट्स, सर.

पास. वर्गात सर्वांत जास्त गुण ह्या तोंडीत मला. मॅडम पाठीवर थाप मारून गेल्या. लाजेनं वर बघवलं नाही. त्यांना तो विनय वाटला.

३१ ऑगस्ट, रविवार

मावशीला परवा सुट्टी मिळणार. इन्सुलिन चालूच. गावात आता मंडळातल्या एका पोराची बायको सुई देणार आहे, मी शिकवलं तिला. त्यामुळं आज सांगायचंच असं ठरवून गेलो. वाक्यं पाठ केली होती.

पहिलं सांगितलं. मावशी, मी डॉक्टर नाही. होणारही नाही. मी नर्सिंगला आहे, ब्रदर म्हणतात मला.

मावशी म्हणाली, ते ठावं हाय रं मला. ज्या दिशी आले त्याच दिशी कळलं. डाक्टर कवा बेडपॅन घिऊन फिरत्यात व्हय? पर गावात मी डाक्टरच सांगती. तुझी तूच लाजत असशील तर मी कशाला उघडं पाडू?

एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, आता दुसरंही सोपं जाईल. मी म्हटलं, मावशी, त्या दिवशी तुझ्या अंगात आलं ना...

तिनं मला बोलू दिलं नाही. माझा हात धरला. डोळे भरून आले तिचे. बोट काढलं तेव्हा आले नव्हते. म्हणाली, बोट गेलं त्याचं मला काय न्हाई. सगळी हयात आळीतल्या बायांनी मला वांझ म्हणून वटीभरणाला मागं बशीवली. त्या दिशी त्याच बाया पाया पडल्या. आन तू, एवढा शिकल्याला, तू माझ्या पायावर डोस्कं ठिवलंस. देवाला इचारलंस आन पास झालास. आता आनि काय पायजे?

मग आवाज बारीक करून म्हणाली, आता गणपती आलं की ऋषिपंचमी हाय. त्या दिशी बी उपास धरनार हाय. तू दोन दिवस रजा टाकून ये. तुझ्याच हातची सुई घीन, पुन्यांदा येतो का बघू.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. अगदी तोंडात आलं होतं. मी म्हटलं, येतो.

उद्या सकाळी, ड्यूटीच्या आधी जाऊन सगळं सांगायचं. काहीही झालं तरी. गजर लावला आहे. पाचचा.